गाळलेले डाव

“शैला, चहा टाक,” अंकुश म्हणाला, आणि त्याच दमात, त्याच आवाजात पुढे म्हणाला, “तरतरी हवी तर सोनपर्णच हवा!”

शैलजाने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. बाहेरच्या खोलीत अंकुशने मान खाली घातली. दुसरं वाक्य त्याचं नव्हतं. पहिलं वाक्यही त्याच्या तोंडून आलं नव्हतं. ते आलं होतं त्याच्या गळ्याभोवतीच्या राखाडी पट्टीतून.

सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्तीशौकिनांना अंकुश खराडे कोण हे सांगावं लागत नसे. पोटासाठी त्याने पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, पण त्याचा खरा मुक्काम मैदानात. जत्रा कुठल्याही गावची असो, हलगी थांबली आणि कर्ण्यातून अंकुशचा आवाज घुमला की झाडावर चढून बसलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. पैलवानाचा हात हलायच्या आत डाव ओळखणारा निवेदक अशी त्याची ख्याती होती. मग अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, उजव्या हाताची बोटं तेवढी आखडलेली राहिली; वाचा मात्र गेली. डोक्यात वाक्य पुरं तयार असे, पण ओठांपर्यंत येताना त्याचा चुरा होई.

कंठपट्टी त्यासाठीच निघाली होती. माणूस बोलू पाहतो तेव्हा गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंत विजेच्या बारीक लहरी उठतात. शब्द फुटला नाही तरी लहरी उठतातच. पट्टी त्या टिपते, घरच्या राउटरवाटे कंपनीच्या दूरवरच्या संगणकाकडे पाठवते, आणि तो संगणक या माणसाला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधून वाक्य परत पाठवतो. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. अंकुशच्या निवेदनाच्या जुन्या ध्वनिफिती होत्याच, त्यामुळे पट्टीला त्याचा आवाजही मिळाला. पट्टी पहिल्यांदा “शैला” म्हणाली त्या दिवशी दोघंही बराच वेळ रडली होती.

पण पट्टी प्रायोजित योजनेतली होती. दर चार-दोन वाक्यांमागे एक जाहिरात, तीही अंकुशच्याच आवाजात. शेजारच्या घरी कुणी वारलं, अंकुश भेटायला गेला, आणि “फार वाईट झालं” याच्यापाठोपाठ पट्टीने गुडघेदुखीच्या तेलाचं नाव घेतलं. त्यानंतर तो कुणाकडे जाईनासा झाला.

शैलजाची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. तारा, जोडण्या, एक्सचेंज या गोष्टींना ती बिचकत नसे. राउटरवर चढवायच्या जाहिरातरोधक जोडण्या, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, मिळतात हे कळल्यावर तिने बसून वाचलं, आणि तिच्या लक्षात आलं की यातलं तत्त्व जुनंच आहे. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला नाव असतं आणि नावामागे क्रमांक. घरातलं यंत्र नाव विचारतं, राउटर जणू डिरेक्टरीत बघून क्रमांक सांगतो. जाहिरात पाठवणाऱ्या ठिकाणांची नावं त्या डिरेक्टरीतून खोडून टाकली की पट्टीला त्यांचा क्रमांकच मिळत नाही. फोन लागत नाही, जाहिरात येत नाही.

एका दुपारी तिने हे केलं. अंकुशने चहा मागितला, पट्टी “चहा टाक” एवढंच म्हणाली आणि थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

ते सुख फार टिकलं नाही. कंपनीने पट्टीची प्रणाली अद्ययावत केली, आणि जाहिराती वाक्यांच्या मागून उठून वाक्यांच्या आत जाऊन बसल्या. आता अंकुश चहा मागायचा आणि पट्टी म्हणायची, “शैला, सोनपर्ण टाक.” भाजीत मीठ कमी असलं तर मिठाच्या कंपनीचं नाव. जाहिरात आणि वाक्य एकाच ठिकाणाहून येऊ लागलं. ते ठिकाण खोडायचं म्हणजे अंकुशची वाचाच खोडायची.

शैलजाने ग्राहकसेवेला फोन लावला.

“मॅडम, ती जाहिरात नाही,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “तो सुचवलेला शब्द आहे.”

“कुणी सुचवला? ते चहा म्हणत होते.”

“यंत्राकडे दोन-तीन अंदाज जवळजवळ सारखे असतात, मॅडम. त्यातला भागीदारांचा शब्द थोडा वर येतो.”

“म्हणजे तुम्ही तराजूवर बोट ठेवता.”

“मी आपली सूचना नोंदवते, मॅडम.”

“मला जाहिरातीशिवायची योजना द्या. काय लागतील ते पैसे भरते.”

“ती योजना आपल्या जिल्ह्यात अजून सुरू झालेली नाही, मॅडम. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?”

शैलजाने फोन आपटला.

उपाय तिला इंटरनेटवरच्या एका मंडळात सापडला. पट्टीला वैतागलेली देशभरातली माणसं तिथे जमली होती, आणि त्यांच्यापैकी कुणीकुणी मिळून ‘गाळणी’ नावाची नवी जोडणी लिहिली होती. पैसे घेऊन आलेल्या प्रत्येक शब्दावर अदृश्य खूण ठेवायची, असं कायद्याने कंपन्यांना बंधन होतं. कानाला ती खूण कळत नसे, राउटरला कळे. गाळणी खुणेचा शब्द अडवून कंपनीच्या संगणकाला सांगे, हा नको, तुझा दुसरा अंदाज दे. दुसऱ्यावरही खूण असली किंवा तो फारच कच्चा असला, तर त्या जागी काहीच येत नसे.

गाळणी चढवायची म्हणजे राउटरची मूळ प्रणालीच बदलायची होती. शैलजाने ती बदलायला घेतली आणि मध्येच राउटरवर लाल दिवा लागला तो जाईना. ती बटण दाबून धरी, वायर काढी, पुन्हा लावी, पुन्हा तोच दिवा. घरातलं इंटरनेट गेलं होतं, म्हणजे अंकुशची वाचाही गेली होती. तो आतल्या खोलीत पडून होता. त्याला पाणी हवं होतं की औषध हवं होतं कळायला मार्ग नव्हता. तो ताटलीवर चमचा वाजवत राहिला.

“आले हो!” शैलजा ओरडली. “दोन मिनिटं थांबाल का? तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं!”

चमच्याचा आवाज थांबला. ती आत गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. संध्याकाळ झाली तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. ‘चहा’ पुन्हा चहा झाला, मीठ पुन्हा मीठ. त्यानंतर घराबाहेरही पट्टी आधी घरच्या राउटरशी बोलेल आणि मगच पुढे जाईल, अशी जोडणी तिने करून टाकली.

“आता एकही जाहिरात यायची नाही,” ती म्हणाली. शब्द अडवले जातात, कधीकधी मोकळी जागा राहते, हे मात्र तिने सांगितलं नाही. बारीकसारीक तपशिलांनी त्याला कशाला शिणवायचं, असं तिला वाटलं.

मग एक दिवस मगदूम वस्ताद घरी आले. पाच जिल्ह्यांतल्या पैलवानांना घडवलेला हा म्हातारा बोलायला लागला की अजूनही तालमीतल्यासारखाच ओरडायचा.

“वैनी, अंकुशला बोरगावच्या मैदानात न्यायचाय. शेवटची निकाली कुस्तीसुदिक त्यानंच बोलायची. पंचमंडळी व्हय म्हनलीत.”

अंकुशच्या डोळ्यांत जे चमकलं ते शैलजाने झटक्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. “बोलेन,” पट्टी म्हणाली. त्याने वस्तादांचे दोन्ही हात धरून ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. तो दूरदर्शन संचावर जुन्या कुस्त्या लावायचा, आवाज बंद करायचा आणि समोर उभा राहायचा.

“लाल लांगेचा पैलवान पुढं सरकला, मानेवर हात टाकला, आणि हा मारला...” पट्टी थांबली. “...आणि काय चपळाई!”

अंकुशने चित्र मागे नेलं. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तिथेच मोकळी जागा. तो दुसऱ्या कुस्तीकडे वळला. “खाली घेतलाय, आता भरतोय... आणि केला चितपट!” गळ्याच्या शिरा ताणून तो तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू पाहत होता आणि पट्टी मुकी होती. घरात मीठ-पाण्याचं बोलणं विनातक्रार व्हायचं. मैदानातलं वाक्य आलं की नेमक्या डावाच्या जागी भोक पडायचं.

“थकलाय तुम्ही,” शैलजा म्हणाली. “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने पट्टी ओरबाडून काढली आणि पलंगावर फेकली. झटक्याने आपल्या डोक्यातून डावांची नावंच पुसली गेली, अशी त्याची समजूत झाली होती. त्याने पाटी मागून घेतली आणि डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, ‘गेलं सगळं.’ शैलजाने ते वाचलं. त्या क्षणी तिच्या मनात शंका येऊन गेली, पण गाळणी बंद करायची म्हणजे पुन्हा तो चहा, ते तेल, ती नाचक्की. तिने शंका बाजूला सारली. वस्तादांना नाही म्हणून कळवू का, असं तिने विचारलं. अंकुशने पाटी पुसून टाकली.

दोन दिवसांनी इंटरनेटवाल्यांनी परस्पर राउटर अद्ययावत केला आणि गाळणी पुसली गेली. शैलजाला याचा पत्ता नव्हता. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. बाहेर वस्ताद आले होते, बळेबळेच त्यांनी अंकुशला पट्टी घालायला लावली होती. आणि एकदम तिच्या कानावर तो आवाज आला.

“एकलंगी भरायला गेला, वस्ताद, आणि खालच्यानं असा काही मोळी डाव मारला! सोनपर्णसारखी तरतरी! उठतोय म्हणेपर्यंत घिस्सा! कलाजंग प्या, कलाजंग मारा! आणि ढाक, वस्ताद, ढाक!”

वस्ताद मांडीवर थाप मारून हसत होते. अंकुश उभा राहून हातवारे करत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाक्यामागून वाक्य येत होतं, मध्ये चहा, मध्ये ‘कलाजंग’, खांद्यावर घेऊन टाकायच्या डावाचं नाव लावलेलं शक्तिवर्धक पेय, पण डाव सगळे. एकही हरवला नव्हता.

शैलजा लाटणं हातात घेऊनच दारात आली. “पुन्हा सुरू झाल्या वाटतं जाहिराती. थांबा, बघते मी.”

अंकुशचे हात हवेतच थांबले. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग राउटरकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“तू,” पट्टी म्हणाली. “तू अडवत होतीस?”

“जाहिराती अडवत होते. तुमचे शब्द नाही.”

“माझे डाव गेले होते.”

वस्ताद हळूच उठले आणि चपला घालून निघून गेले. शैलजा खाली बसली. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदाच त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाही उलगडलं. पट्टीचा संगणक शहरातल्या बोलण्यावर शिकलेला. त्याला घिस्सा, ढाक, एकलंगी ठाऊक असायचं कारण नव्हतं. हे शब्द त्याला शिकवले होते त्या पेयाच्या कंपनीने, आपला माल खपवण्यासाठी. म्हणून डावाच्या प्रत्येक नावावर पैशाची खूण होती, आणि गाळणी खूण दिसेल ते अडवत होती.

“मला वाटलं डोकं गेलं माझं,” पट्टी म्हणाली.

“तुमची नाचक्की होऊ नये म्हणून केलं मी.”

“विचारायचं.”

तिला राग आला. रात्रंदिवस खपायचं तिने, राउटरशी झगडायचं तिने, ग्राहकसेवेच्या गोड पोरींची बोलणी ऐकायची तिने, आणि वर हे. “मग ऐका तुमच्या तोंडून तेलाच्या जाहिराती!” ती म्हणाली.

अंकुशने गळ्यावरची पट्टी नीट केली. मग पट्टी म्हणाली, “मैदानात आयुष्यभर देणगीदारांची नावं घेतली मी. लाज नाही वाटली कधी. कुणाचं नाव कधी घ्यायचं ते मी ठरवायचो.” जरा थांबून तो म्हणाला, “बोरगावला गाळणी नको.”

शैलजाने गाळणी पुन्हा चढवली नाही.

बोरगावचं मैदान तुडुंब भरलं होतं. अंकुश मंचावर उभा राहिला, पहिलं वाक्य कर्ण्यातून घुमलं, आणि लोकांनी फेटे उडवले. मध्ये एकदा चहा आला, लोक हसले, अंकुशनेही हात उडवून हसण्यावारी नेलं. शैलजा बायकांच्या बाजूला बसून होती. तीही हसली.

निकाली कुस्ती लागली. दोन्ही पैलवान तोडीस तोड होते. बराच वेळ नुसती खडाखडी चालली. मग लालवाल्याने समोरच्याचा हात काखेत दाबला, मानेवरून घेतलं आणि कमरेच्या झटक्यासरशी त्याला मातीत आपटलं. स्वच्छ ढाक. शेंबड्या पोरालाही कळावी अशी.

“कलाजंग!” पट्टी गरजली. “कलाजंगावर चितपट!”

मैदान वळून मंचाकडे बघू लागलं. मग एका कोपऱ्यातून शिट्टी आली, दुसरीकडून हुर्यो. “अहो खराडे, कलाजंग कुठला? झोपलाय काय?” अंकुश जोरजोराने मान हलवत होता. त्याने पुन्हा प्रयत्न केला. “कलाजंग! पैलवानांची पहिली पसंती!” त्याने दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. दात-ओठ खाऊन तो ढाक म्हणत होता हे शैलजाला इतक्या लांबूनही दिसत होतं. दोन जवळच्या अंदाजांतलं भागीदाराचं नावच पुन्हा वर येत होतं. आजवर निवेदनात त्याचा डाव कधी चुकला नव्हता. शेवटी मगदूम वस्तादांनी पुढे होऊन ध्वनिक्षेपक घेतला आणि “ढाक!” असं सांगितलं.

गाडीत बसताच अंकुशने पट्टी काढून खिशात कोंबली. शैलजाला वाटलं, आता हा पट्टीला हातही लावणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तिच्यासमोर येऊन बसला आणि राउटरकडे बोट दाखवलं. “गाळणी लाव.”

“डाव जातील,” शैलजा म्हणाली. “एकूण एक.”

“जाऊ देत. भोक पडलं तर पडलं. चुकीचा डाव नको.”

“मी ग्राहकसेवेला पुन्हा फोन करते. म्हणावं, हे शब्द तुमच्या यंत्राला नीट शिकवा. ढाक म्हटलं तर ढाक.”

“कर.”

तिने केला. मुलीने सूचना नोंदवली. शैलजाने फोन ठेवून एक सणसणीत शिवी हासडली. अंकुश हसला. मग तिने राउटरचा परवलीचा शब्द त्याला सांगितला, बाजूला बसून कुठे काय आहे ते दाखवलं, आणि त्याने डाव्या हाताच्या एका बोटाने गाळणी स्वतः चढवली. लाल दिवा लागला, गेला, पुन्हा लागला. यावेळी ती चिडचिड दोघांची होती.

दिवाळीनंतर वस्तादांच्या तालमीचं छोटं मैदान होतं. अंकुश बोलणार म्हटल्यावर शैलजाने कडकडून विरोध केला. “बोरगावला काय झालं विसरलात? आता तर नावंच यायची नाहीत. लोक हसतील.”

“हसू देत,” तो म्हणाला आणि सदरा घालायला लागला.

पहिलीच कुस्ती. “पाय धरलाय, खाली घेतलाय, आणि हा भरला...”

कर्णा मुका झाला. माणसं वर बघायला लागली. शैलजाने पदराचं टोक मुठीत आवळलं. मंचावर अंकुश खचलेला दिसत नव्हता. त्याने एक हात कानामागे नेला आणि दुसरा माणसांकडे पसरला, उत्तर मागितल्यासारखा.

माणसं गोंधळली. मग मागून कुणाचा तरी जाड आवाज आला. “घिस्सा!”

अंकुशने त्या दिशेला बोट केलं आणि मान डोलावली. “बरोबर!” पट्टी म्हणाली. “बघणारा जाणकार आहे!”

पुढच्या कुस्तीला चार आवाज आले. त्याच्या पुढच्या कुस्तीला अर्धं मैदान ओरडलं. अंकुश वाक्य डावाच्या तोंडाशी आणून सोडायचा आणि लोक तुटून पडायचे. चुकीचं नाव आलं तर तो हात आडवा करायचा, बरोबर आलं की छाती ठोकायचा. कुस्तीकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत होते लोक. वस्ताद आडवं बोट नाकावर ठेवून कौतुकाने बघत राहिले.

शैलजा उभी राहिली होती, कधी ते तिला कळलं नाही. आखाड्यात एकाने दुसऱ्याला उचलून खांद्यावर घेतला आणि गर्रकन फिरवून टाकला. कर्णा थांबला.

“एकलंगी!” शैलजा जिवाच्या आकांताने ओरडली. लग्नानंतर इतकी वर्षं मैदानांच्या गप्पा ऐकून तिने डावाचं नाव उच्चारायची ही पहिलीच वेळ.

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मंचावरून अंकुशने तिला शोधून काढलं आणि हात आडवा केला.

“चूक!” पट्टी त्याच्या खणखणीत आवाजात म्हणाली. “आमच्या मंडळींना कुणीतरी डाव शिकवा.”

मैदान हसलं, हलगी कडाडली, आणि शैलजा खाली न बसता पुढच्या पकडीकडे टक लावून बघू लागली.